गोष्ट मुलाची, हात आपला

गेल्या अंकात मुलांच्या गोष्टींवर लिहिताना मी म्हटले होते की, मूल लिहू लागण्याच्या कितीतरी आधी गोष्ट सांगू लागते आणि त्याची पहिली वही म्हणजे त्याचे चित्र. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून मुलांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. दिवसाला पाच-सहा कागद तो रंगवतो, परंतु कागदावर गुंतागुंतीच्या रेघांपलीकडे काही दिसत नाही. विचारले तर सांगतो, ‘ही आगगाडी.’ दुसऱ्या दिवशी त्याच कागदाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘हा साप.’ शेजारच्या मुलीला मासा, फुलपाखरू, घर असे सगळे नीट काढता येते. आधी याला नीट चित्र काढायला शिकवावे आणि मग गोष्टींकडे वळावे, असे घरात सर्वांचे म्हणणे आहे. आपल्याला काय वाटते? — एक आई, सांगली

उत्तर : घरातील सर्वांचा मान राखूनही त्यांचे म्हणणे मला पटत नाही. ‘आधी चित्र नीट, मग गोष्ट’ हा क्रम मोठ्यांच्या सोयीचा आहे. साडेचार वर्षांच्या मुलासाठी या दोन वेगळ्या गोष्टी नसतातच. आपला मुलगा चित्र काढत असताना एकदा त्याच्या शेजारी नुसते बसून पाहा. त्याचा हात चालत असतो तेव्हा तोंडही चालत असते: गाडी सुटते, वेग घेते, बोगद्यात शिरते, आणि बोगद्यात अंधार असतो म्हणून तो काळा खडू घेऊन आतापर्यंत काढलेले सगळे झाकून टाकतो. आपण स्वयंपाकघरातून येतो तेव्हा आपल्या हाती फक्त काळा गुंता लागतो. गोष्ट होऊन गेलेली असते आणि कागदावर तिच्या चाकांच्या खुणा तेवढ्या उरलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी त्या खुणांत त्याला साप दिसला तर ती लबाडी नव्हे, की विसरभोळेपणाही नव्हे.

लहान मूल समोरची वस्तू निरखून चित्र काढत नाही, तर त्याला जे ठाऊक आहे आणि आठवते आहे ते काढते, आणि म्हणून त्याचे चित्र हे एक प्रकारचे बोलणेच असते, असे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी १९३०च्या सुमारास मांडले होते. लेखनाची वाट या बोलक्या चित्रांतूनच पुढे जाते, असे त्यांचे म्हणणे होते. शेजारच्या मुलीचा मासा सुबक असेल, परंतु तो मासा कोठे निघाला आहे हे तिला सांगता येते का, ते एकदा विचारून पाहावे. (तिच्या आईसमोर विचारू नये.)

आता आपण काय करावे, ते सांगते. ‘हे काय आहे?’ हा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण त्याचे उत्तर एका नामात संपते. आगगाडी म्हटले की विषय मिटला. त्याऐवजी ‘इथे काय चाललंय?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर द्यायला क्रियापद लागते आणि क्रियापद आले की गोष्ट सुरू होते. तो बोलू लागला की एका वेगळ्या कागदावर, किंवा त्याला विचारून त्याच्याच चित्राखाली, तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ‘मग ना गाडी पडली, आणि मग ना गाडीला बाऊ झाला’ असे तो म्हणाला तर तसेच लिहावे; ‘गाडीला अपघात झाला’ असे लिहू नये. लिहिताना प्रत्येक शब्द हळू उच्चारावा आणि शेवटी सगळे बोट ठेवून वाचून दाखवावे. आपले बोललेले कागदावर बसते आणि आईने पुन्हा वाचले तरी तेच बाहेर येते, हा शोध मुलासाठी फार मोठा असतो. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर वर्षभर लावूनही तो लागत नाही.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळा-शाळेत बालवर्गाला शिकवणाऱ्या व्हिव्हियन पेली यांनी हीच रीत वर्षानुवर्षे चालवली. मूल सांगेल ती गोष्ट त्या जशीच्या तशी उतरवून घेत आणि नंतर वर्गातील मुले ती करून दाखवत: कोणी गाडी होई, कोणी बोगदा. गोष्ट सांगणाऱ्याला आपली गोष्ट इतरांच्या अंगात शिरलेली दिसे आणि पुढच्या वेळी तो आपोआप अधिक नीट सांगे. या कामासाठी त्यांना १९८९ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपल्या घरात एक आजी, एक बाबा आणि दोन उशा असल्या तरी बोगदा होतो.

चित्राच्या मागे तारीख तेवढी घालून ठेवावी. सहा महिन्यांनी हे कागद ओळीने मांडले की गुंत्यातून हळूहळू एक बंद गोल, त्या गोलाला डोळे, आणि मग गोलालाच फुटलेले हातपाय दिसू लागतील. ते कोणी शिकवावे लागत नाही.

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवतो. ‘मनातले चित्र काढा आणि त्यावर गोष्ट लिहा’ असे सांगितले की पंचवीसपैकी वीस मुले दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि नारळाचे झाड काढतात. गोष्टही ठरलेली: एक गाव होते, गावात नदी होती, गाव खूप छान होते. मुलांची कल्पनाशक्ती कशी जागी करावी? वर्गात रंगसाहित्यही पुरेसे नाही. — एक शिक्षक, सिंधुदुर्ग

उत्तर : सर, हे चित्र मीही काढले आहे आणि बहुधा आपणही. महाराष्ट्रातील मुलाच्या हातून दोन डोंगर कसे निसटत नाहीत, याचे मला कायम कुतूहल वाटते. लातूरचे मूलही झोपडीशेजारी नारळ लावते. आपल्या मुलांचा सूर्य निदान सह्याद्रीमागून वर येतो आणि नारळ तर दारातच आहे, म्हणजे त्यांच्या चित्रात खोटे काहीच नाही. परंतु ते त्यांनी पाहून काढलेले नसून पाठ केलेले आहे. या चित्राला कधी कोणी नावे ठेवली नाहीत आणि दर वेळी ‘छान’ मिळाले, म्हणून सात वर्षांच्या शहाण्या मुलाने ते जपून ठेवले आहे. कल्पनाशक्ती झोपलेली नाही. ती सावध झाली आहे, इतकेच.

म्हणून या चित्रावर बंदी घालू नये. घातली तर मुले दुसरे एखादे सुरक्षित चित्र शोधतील, बहुधा तिरंगा किंवा फुलदाणी. त्यापेक्षा तेच चित्र समोर घेऊन त्यात काहीतरी घडवावे. ‘या झोपडीचं दार आज सकाळपासून कोणी उघडलेलं नाही. का बरं?’ ‘सूर्य आज डोंगरात अडकला. त्याला बाहेर कोण काढणार?’ ‘नदीच्या पलीकडे कोणीतरी उभं आहे, पण साकव वाहून गेलाय.’ एवढे म्हणून गप्प राहावे. आपण गप्प राहणे हा यातला सर्वांत अवघड भाग आहे, असे मी अनुभवाने सांगते. मुलांचे उत्तर यायला अर्धा मिनिट लागतो आणि शिक्षकाला तो अर्धा मिनिट सोसत नाही.

आपण तर पिंगुळीच्या जवळ आहात. चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्यांचे गाव आपल्या तालुक्यात असताना आपण मला दूरच्या युक्त्या विचारता, याची गंमत वाटते. ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या पोथीतून सांगतात: एक चित्र समोर धरायचे, त्यातला प्रसंग गाऊन आणि बोलून सांगायचा, मग पुढचे चित्र. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती ही कला आणि बाहुल्यांचे खेळ जिवंत ठेवल्याबद्दल. त्यांनी घरच्या गोठ्यात उभे केलेले संग्रहालय मुलांना दाखवता आले तर अवश्य दाखवावे. तेथे गेल्यावर ‘चित्र किती सुंदर’ याकडे लक्ष न वेधता एवढेच विचारावे की, या चित्रात जे नव्हते ते पुढच्या चित्रात काय आले? कोण आत आले, कोण गेले, कोणाचा हात वर झाला? पोथीतील प्रत्येक चित्रात काहीतरी घडत असते. आपल्या मुलांच्या चित्रात मात्र काहीच घडत नाही; ते देखावा काढतात, आणि देखाव्याची गोष्ट होत नाही.

शाळेत परतल्यावर एक कोरा कागद उभा-आडवा दुमडून त्याचे चार चौकोन करावेत. पहिल्या चौकोनात कोणीतरी आहे. दुसऱ्यात त्याला काहीतरी हवे आहे. तिसऱ्यात ‘पण’ आहे. चौथ्यात ‘म्हणून’. दुसरीतील मुलांच्या गोष्टी ‘मग’ या एका शब्दावर चालतात: मग तो उठला, मग तो जेवला, मग तो झोपला. ही यादी झाली. ‘पण’ आला की अडचण येते आणि अडचण आली की ऐकणारा मान वर करतो. व्याकरणाचा शब्दही न काढता, केवळ तिसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यात ‘पण’ लिहून दिल्याने किती फरक पडतो ते आपण पाहालच.

ज्यांना स्वतःचे काही सुचत नाही त्यांच्यासाठी ओळखीची लोककथा घ्यावी आणि तिची एकच खुंटी हलवावी. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पाऊस आला आणि शेणाचे घर वाहून गेले, हेही ठाऊक आहे. आता पाऊस नको. वैशाख महिना घ्या. मेणाच्या घराचे काय होईल? कोण कोणाचे दार ठोठावेल, आणि कावळा काय म्हणेल? चिमणीने त्याला ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ म्हणून ताटकळत ठेवले होते, हे मुले विसरलेली नसतात. एका वर्गात एका मुलाने माझ्यासमोर कावळ्याला दार लगेच उघडायला लावले आणि चिमणीला इतके ओशाळवाणे केले की मला पुढे काही विचारावेसे वाटले नाही.

आणखी एक. आपली मुले घरी मालवणी बोलत असतील तर गोष्ट मालवणीतच येऊ द्यावी आणि आपण ती तशीच उतरवावी. ‘माका भूक लागली’ हे वाक्य ‘मला भूक लागली’ असे करून घेण्याच्या नादात मूल गोष्ट विसरते. प्रमाण मराठीतील गोष्ट त्याच मुलाकडून पुढच्या आठवड्यात, त्याच चार चित्रांवरून सांगून घेता येते. तेव्हा भाषांतराचा तो एक मजेचा खेळ होतो.

साहित्याची काळजी करू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी काम केले तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, खडे हीच साधने केली. कार्यालयांतून पाठकोरे कागद मागून आणावेत. कोळसा, गेरू, खडू आणि फरशीवर रांगोळी एवढ्यावर वर्ष निघते. खोडरबर मात्र मी वर्गात ठेवत नाही. चुकलेल्या रेघेचे काय करायचे हे मुलाला सुचावे लागते आणि पुष्कळदा तेथूनच गोष्ट वळण घेते.

प्रश्न : माझी मुलगी पहिलीत आहे. तिने झाडावर बसलेल्या मांजराचे चित्र काढून खाली लिहिले होते : ‘मांजर झाडवर चडल आनी खाली येतच नवत.’ शाळेतून कागद परत आला तो लाल शाईने भरून. तेव्हापासून ती फक्त ‘घर’, ‘नळ’, ‘फणस’ असे येणारे शब्दच लिहिते. आजोबा म्हणतात, शुद्धलेखनाला आत्ताच वळण लावले पाहिजे. मी कोणाचे ऐकावे? — एक वडील, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीचे ते वाक्य मी दोनदा वाचले, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या मांजराची काळजी वाटली. ‘येतच नव्हतं’ मधला ‘च’ पाहा. सहा वर्षांच्या मुलीने त्या एका अक्षरात मांजराचा सगळा हट्ट आणला आहे. ज्या शिक्षिकेने शाई वापरली त्यांच्या नजरेतून हा ‘च’ निसटला, याचे मला वाईट वाटते, परंतु साठ मुलांच्या वह्या तपासताना असे होते हेही मी जाणते.

आता तिच्या चुका पाहू. ‘चढलं’चे ‘चडल’ आणि ‘नव्हतं’चे ‘नवत’ झाले, कारण ओघात बोलताना बहुतेक घरांत हे शब्द असेच ऐकू येतात. ती कान देऊन लिहीत आहे. ‘आणि’ऐवजी ‘आनी’ हेही तसेच. शिवाय ‘आनी’ची वेलांटी दीर्घ आहे ही तर तिच्या बाजूची साक्ष आहे: मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा असा नियम असून ‘आणि’ हा त्याला अपवाद आहे. तिने नियम स्वतःच उचलला आणि अपवाद अजून तिला कोणी सांगितलेला नाही. ‘झाडवर’मध्ये एक काना राहिला, तो मात्र घाईचा. एका ओळीत एवढे ऐकणारी आणि एवढे जुळवणारी मुलगी शुद्धलेखनात मागे पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

काळजीची बाब दुसरीच आहे. ती ‘घर’, ‘नळ’, ‘फणस’ यांच्यावर आली आहे. आपल्याकडे काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून लेखन सुरू करण्याची जुनी प्रथा आहे आणि अक्षरे गिरवण्यापुरती ती सोयीची असेलही. परंतु काना-मात्रेशिवाय मराठीत गोष्ट सांगून पाहा. ‘आहे’ नाही, ‘होता’ नाही, ‘गेली’ नाही, ‘आई’ नाही. उरतात त्या केवळ आज्ञा: शरद, फणस उचल, गवत बघ. ज्या मुलाने सगळ्या मात्रा पक्क्या होईपर्यंत थांबायचे ठरवले, त्याची गोष्ट सांगण्याची दोन वर्षे हुकूम देण्यातच जातात. शिवाय आपल्या लिपीत ‘कि’ची वेलांटी उच्चारताना नंतर येते आणि लिहिताना आधी काढावी लागते, असल्या कसरतींवर हात बसायला वेळ लागणारच, आणि तोवर गोष्ट खोळंबून ठेवणे बरे नाही.

आजोबांनाही दुखवायला नको, म्हणून दोन कामे दोन दिवसांवर वाटून टाकावीत. पहिल्या दिवशी ती लिहील तसे लिहू द्यावे, आणि वाचून मांजराबद्दलच विचारावे: मग ते उतरलं कसं? त्या कागदावर कोणीही पेन लावू नये. तीन-चार दिवसांनी ‘ही गोष्ट आत्याला पाठवूया, ती नीट वाचता येईल अशी करूया’ असे म्हणून पक्की प्रत करायला बसावे. त्या वेळी आजोबांना शेजारी घ्यावे, पण त्यांना एका बैठकीत एकच शब्द सुधारण्याची परवानगी असावी. या आठवड्यात ‘आणि’, पुढच्या आठवड्यात ‘नव्हतं’. वाचणाऱ्यासाठी लिहिलेले नीट असावे लागते, ही गोष्ट तिला तेव्हा पटेल, कारण समोर खरोखरच कोणीतरी वाचणारे असेल. लांब गोष्ट असेल तर अर्धी तिने लिहावी आणि उरलेली तिने सांगावी, आपण लिहावी. हात दमला म्हणून गोष्ट आटोपती घेण्याची पाळी या वयात येऊ नये. ‘आणि मग सगळे घरी गेले’ हा शेवट बहुतेक वेळा दमलेल्या बोटांचा असतो.

प्रश्न : पाच वर्षांच्या नातवाच्या प्रत्येक चित्रात कोणीतरी मरते. रक्त, राक्षस, तलवारी. सुनेला याची भीती वाटते. चांगल्या विषयांकडे त्याला वळवावे का? — एक आजोबा, नागपूर

उत्तर : आपणच त्याला भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली असेल, त्या गोष्टीत वाघाला म्हातारीला खायचेच आहे आणि आपण ती सांगताना आवाजही काढला असेल. मुलांना भीती कागदावर आणून तिच्याशी खेळायचे असते. राक्षस काढणाऱ्याच्या हातात खडू असतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. तेव्हा विषय बदलू नये. ‘बरं, आता राक्षसाच्या आईला हे कळलं. पुढे?’ असे विचारावे, म्हणजे मारामारी तेथेच घोटाळत न राहता गोष्ट पुढे सरकते. एकच प्रसंग आठवडेच्या आठवडे, काही न बदलता, उदास होऊन तो काढत असेल आणि झोप, जेवण, शाळा यांतही फरक दिसत असेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना भेटावे. आपल्या पत्रातील मुलगा चित्र काढताना खदखदून हसतो असे आपणच लिहिले आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सात वर्षांची मुलगी सुंदर चित्रमालिका काढते, पण गोष्ट निम्मी इंग्रजीत सांगते. रविवारच्या मराठी शाळेत ती देवनागरी शिकते आहे. गोष्ट पूर्ण मराठीतच सांग, असा आग्रह धरावा का? — एक आई, न्यू जर्सी

उत्तर : आग्रह आपण धरू नये, तो गोष्टीला धरू द्यावा. ती ज्या मिश्र भाषेत सांगते त्याच भाषेत पहिल्यांदा उतरवून घ्यावे, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले तरी चालतील. मग गोष्टीत असे एक पात्र आणण्यास सुचवावे की ज्याला फक्त मराठी कळते: गावाकडून आलेली मांजर, किंवा विमानात चुकून शिरलेला कावळा. त्याच्याशी बोलताना इतर पात्रांना मराठी बोलावेच लागेल, आणि तेवढी वाक्ये बोलण्याच्या फुग्यात देवनागरीत लिहावी लागतील. सात वर्षांच्या मुलीला दर पानावर अशी दोन वाक्ये पुरेत.

शिवाय आपल्या पत्रात साताऱ्याच्या आजींचा उल्लेख आहे, त्याचा उपयोग करावा. एक कोरा कागद तीनदा दुमडून त्याचे आठ चौकोन करावेत, पुन्हा उलगडून आडवा मध्यावर घडी घालावी आणि घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर एका चौकोनाएवढा काप द्यावा. मग उलगडून लांबीत दुमडला आणि दोन्ही टोके आत ढकलली की डिंक किंवा पिन न लावता आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. मुलीने सात पाने भरावीत आणि आठवे कोरे ठेवून पुस्तिका टपालाने आजींना पाठवावी. पुढे काय झाले ते आजींनी त्या पानावर लिहून पुस्तिका परत धाडायची. मात्र आजींनाही आधी फोनवर सांगून ठेवावे की चित्र त्यांनी स्वतःच काढायचे आहे, आणि ‘मला कुठे येतंय’ ही सबब चालणार नाही.